कंट्रोल चार्टचे जनक डॉ. वॉल्टर शूहार्ट

औद्योगिक गुणवत्तेचा विषय निघाला की प्रथम जपानचे नाव घेतले जाते आणि जपानच्या पाठोपाठ डॉ. एडवर्ड्स डेमिंग यांचे. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या जपानी उद्योगाला गुणवत्तेचा मार्ग दाखविण्यात या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाचा वाटा मोठा होता, हे सर्वश्रुत आहे. मात्र स्वतः डेमिंग आपल्या विचारांचे श्रेय आयुष्यभर ज्या गुरूला देत राहिले, ते गुरू प्रसिद्धीच्या झोतापासून नेहमीच दूर राहिले. बेल टेलिफोन प्रयोगशाळेत तीन दशकांहून अधिक काळ काम केलेले ते पदार्थविज्ञानाचे अभ्यासक म्हणजे डॉ. वॉल्टर अँड्र्यू शूहार्ट.

कारखान्यातील एखादी उत्पादन प्रक्रिया स्थिर आहे की तिच्यात काही बिघाड शिरला आहे, हे ओळखण्याचे साधन शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडले. कागदावर तीन आडव्या रेषा आणि त्यांच्या आसपास क्रमाने मांडलेले ठिपके, एवढेच त्याचे बाह्यरूप. आज या साधनाला ‘कंट्रोल चार्ट’ किंवा नियंत्रण आलेख म्हणतात. मोटारींच्या सुट्या भागांपासून औषधी गोळ्यांपर्यंत असंख्य वस्तूंच्या उत्पादनात त्याचा वापर होतो. परंतु या आलेखामागे जो विचार आहे, तो कारखान्याच्या फाटकाबाहेरही तितकाच मोलाचा आहे. हस्तक्षेप केव्हा करावा आणि केव्हा हात आखडता घ्यावा, या प्रश्नाचे ते शास्त्रशुद्ध उत्तर आहे.

शूहार्ट यांचा जन्म १८ मार्च १८९१ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, न्यू कँटन या छोट्या गावी झाला. इलिनॉय विद्यापीठातून त्यांनी पदवी आणि पदव्युत्तर पदवी मिळविली. १९१४ मध्ये एडना हार्ट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत गेले आणि १९१७ मध्ये पदार्थविज्ञानात त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. काही काळ त्यांनी अध्यापनही केले. विस्कॉन्सिन राज्यातील ला क्रॉस येथील शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख होते. तेव्हा हा तरुण प्राध्यापक आयुष्यभर प्रयोगशाळेत आणि वर्गातच रमेल, असे कोणालाही वाटले असते. पण १९१८ मध्ये ते वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत अभियंता म्हणून दाखल झाले आणि त्यांच्या आयुष्याला वेगळेच वळण लागले.

वेस्टर्न इलेक्ट्रिक ही अमेरिकेतील बेल दूरध्वनी व्यवस्थेची उत्पादक कंपनी होती. देशभरातील दूरध्वनी यंत्रे, स्विचबोर्ड, तारा आणि केबल तिच्या कारखान्यांतून बाहेर पडत. शिकागोजवळील हॉथॉर्न येथे तिचा प्रचंड कारखाना होता. १९२० च्या दशकात तेथे हजारो कामगार राबत आणि त्यांनी बनविलेला माल तपासण्यासाठी तपासनिसांची स्वतंत्र फौज बाळगलेली होती. दूरध्वनी यंत्रणेचे वैशिष्ट्य असे, की तिचा एखादाही दुवा निकामी झाला तर संभाषण तुटते. त्यातच काही साहित्य जमिनीखाली पुरलेले असे. ते बिघडल्यास पुन्हा खणून काढणे आणि दुरुस्त करणे फार खर्चिक पडे. त्यामुळे प्रत्येक भाग एकसारखा आणि भरवशाचा असावा, अशी अभियंत्यांची धडपड चालू होती.

या धडपडीतील प्रमुख अडचण तपासणीच्या पद्धतीतच होती. माल तयार झाल्यानंतर तो तपासायचा, चांगला ठेवायचा आणि सदोष बाजूला काढायचा, अशी रीत होती. या पद्धतीने वाईट माल ग्राहकापर्यंत जाण्याचे काही अंशी टळते, पण तो तयार होण्याचे टळत नाही. त्यासाठी लागलेला कच्चा माल, यंत्राचा वेळ आणि कामगाराचे श्रम वाया जातात ते जातातच. शिवाय सदोष मालाचे प्रमाण एखाद्या आठवड्यात वाढले की वरिष्ठांची चक्रे फिरत. फोरमनला जाब विचारला जाई, फोरमन कामगाराला धारेवर धरी आणि यंत्राची मांडणी बदलली जाई. पुढच्या आठवड्यात प्रमाण कमी झाले की उपाय लागू पडला, असे मानले जाई. वास्तविक ती वाढ आणि ती घट या दोन्हींना काही अर्थ होता की नाही, हे सांगण्याचे साधन कोणाजवळही नव्हते.

ते साधन शूहार्ट यांनी दिले. १६ मे १९२४ रोजी त्यांनी आपले वरिष्ठ जॉर्ज एडवर्ड्स यांना एक टिपण सादर केले. ते जेमतेम एका पानाचे होते आणि त्यातही सुमारे एक तृतीयांश जागा एका साध्या आकृतीने व्यापलेली होती. सदोष वस्तूंचे प्रमाण काळाच्या क्रमाने ठिपक्यांनी दाखविणारा आणि त्या ठिपक्यांसाठी वरची व खालची मर्यादा आखून देणारा तो आलेख होता. आधुनिक गुणवत्ता नियंत्रणाचा प्रारंभ या एका पानापासून मानला जातो. पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, बेल टेलिफोन प्रयोगशाळेची स्थापना झाली आणि शूहार्ट तेथे काम करू लागले. १९५६ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथेच होते.

शूहार्ट यांच्या विचाराचा आरंभबिंदू अत्यंत साधा आहे. तो समजावून सांगताना त्यांनी हस्ताक्षराचे उदाहरण घेतले होते. एकच अक्षर ओळीने अनेक वेळा लिहून पाहावे. लेखणी तीच, कागद तोच, हातही तोच. तरीही कोणतीही दोन अक्षरे तंतोतंत सारखी उमटत नाहीत. कितीही काळजी घेतली तरी थोडाफार फरक राहतोच. हा फरक कोणत्या एका कारणाने पडतो, असे विचारले तर उत्तर देता येत नाही, कारण तो असंख्य बारीकसारीक कारणांच्या एकत्रित परिणामातून येतो. मात्र लिहिता लिहिता कोणी कोपराला धक्का दिला, तर त्या वेळचे अक्षर इतरांहून इतके वेगळे उमटते, की तेथे काही तरी घडले हे पाहणाऱ्यालाही कळते.

कारखान्यातील प्रत्येक प्रक्रियेतही चढउताराचे हेच दोन प्रकार असतात. पहिला प्रकार त्या प्रक्रियेच्या स्वभावातच मुरलेला असतो. तापमानातील किंचित बदल, कच्च्या मालातील सूक्ष्म फरक, यंत्राची नेहमीची थरथर अशा अनेक कारणांतून तो निर्माण होतो. शूहार्ट यांनी त्यांना आकस्मिक कारणे म्हटले. दुसऱ्या प्रकारचा चढउतार बाहेरून आलेल्या एखाद्या विशिष्ट कारणाने होतो. एखादे हत्यार झिजलेले असते, कच्च्या मालाची खेप निकृष्ट आलेली असते किंवा नवा कामगार पुरेशा प्रशिक्षणाविना कामावर बसविलेला असतो. शोध घेतला तर असे कारण सापडते आणि ते दूरही करता येते. शूहार्ट यांनी त्यांना शोधता येणारी कारणे असे नाव दिले. पुढे डेमिंग यांनी याच दोन प्रकारांना सामान्य कारणे आणि विशेष कारणे अशी नावे रूढ केली.

ज्या प्रक्रियेत केवळ पहिल्या प्रकारचा चढउतार उरला आहे, ती प्रक्रिया स्थिर किंवा नियंत्रणात आहे, असे शूहार्ट यांनी म्हटले. अशा प्रक्रियेतील पुढचा एक ठिपका नेमका कोठे पडेल हे सांगता येत नाही, परंतु तो कोणत्या मर्यादांच्या आत पडेल, हे बऱ्याच खात्रीने सांगता येते. त्यांच्या मते नियंत्रणाचा खरा अर्थ हाच होता. प्रक्रियेच्या भविष्याविषयी मर्यादेसह अंदाज बांधता येणे म्हणजे ती नियंत्रणात असणे. जी प्रक्रिया स्थिर नाही, तिच्याविषयी उद्याचे काहीच सांगता येत नाही. तिची कालची सरासरी हा निव्वळ इतिहास असतो.

आता प्रश्न उरतो तो मर्यादा कोठे आखायच्या याचा. त्या फार जवळ आखल्या तर काहीही बिघडलेले नसताना धोक्याची घंटा वाजेल आणि लोक नसलेले कारण शोधत बसतील. फार दूर आखल्या तर खरा बिघाडही नजरेतून सुटेल. या दोन चुकांपैकी एक टाळू गेले तर दुसरी वाढते आणि दोन्ही पूर्णपणे टाळणे अशक्य असते. शूहार्ट यांनी या प्रश्नाकडे निव्वळ गणिताच्या नव्हे, तर खर्चाच्या दृष्टीने पाहिले. दोन्ही चुकांमुळे होणारे एकत्रित नुकसान व्यवहारात कमीत कमी ठेवील, अशी मर्यादा त्यांना हवी होती. सरासरीच्या दोन्ही बाजूंना प्रमाण विचलनाच्या तिप्पट अंतरावर रेषा आखाव्यात, या निष्कर्षाला ते आले. प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप. ते ‘सिग्मा’ या ग्रीक अक्षराने दाखवितात, म्हणून या मर्यादांना ‘थ्री सिग्मा’ मर्यादा म्हणतात. आकड्यांची विभागणी घंटेच्या आकाराची असेल, तर दुप्पट अंतरावरील मर्यादेमुळे दर शंभर ठिपक्यांत साडेचार वेळा नाहक धावपळ होते. तिप्पट अंतरावर हेच प्रमाण हजारात सुमारे तीनवर येते. पण विभागणी तशीच असली पाहिजे, असा शूहार्ट यांचा आग्रह नव्हता. प्रत्यक्ष कारखान्यात तिप्पट अंतराची मर्यादा उपयोगी पडते, हा अनुभव त्यांना अधिक महत्त्वाचा वाटत होता.

पदार्थविज्ञानाचा अभ्यासक या नात्याने त्यांचा प्रयोगावर विश्वास होता. आकडे लिहिलेल्या चकत्या त्यांनी एका मोठ्या वाडग्यात टाकल्या, त्यातून एक चकती काढायची, आकडा नोंदवायचा, चकती परत टाकून पुन्हा ढवळायचे, असे हजारो वेळा केले. वाडग्यातील चकत्या त्याच राहिल्या असता निव्वळ योगायोगाने नमुन्यांची सरासरी किती हेलकावे खाते, हे त्यांना हाताने करून पाहायचे होते. संगणक नव्हते, त्या काळात हे काम किती चिकाटीचे होते याची कल्पना करता येईल.

१९३१ मध्ये त्यांचा ‘इकॉनॉमिक कंट्रोल ऑफ क्वालिटी ऑफ मॅन्युफॅक्चर्ड प्रॉडक्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गुणवत्तेच्या क्षेत्रात तो पायाभूत मानला जातो. त्यात विद्युतरोधक साहित्याच्या रोधाची २०४ मापे दिलेली आहेत. ती चार-चारच्या ५१ गटांत विभागून शूहार्ट यांनी प्रत्येक गटाची सरासरी आलेखावर मांडली. कित्येक ठिपके मर्यादेबाहेर गेले. याचा अर्थ शोधता येणारी कारणे तेथे दडलेली होती. शोध घेऊन ती दूर केल्यानंतर नवीन मापे घेतली, तेव्हा सर्व ठिपके मर्यादेच्या आत आले. त्यापुढे आणखी कारणे शोधत बसण्यात हशील नाही, हेही आलेखानेच सांगितले.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. मर्यादा आखताना सगळी मापे एकत्र करून त्यांचा पसारा मोजायचा नसतो. एकाच परिस्थितीत, एकापाठोपाठ एक तयार झालेल्या थोड्या वस्तूंचा गट घ्यायचा आणि त्या गटाच्या आतला फरक मोजायचा. हा आतला फरक म्हणजे प्रक्रियेचा स्वाभाविक चढउतार. गटागटांमधील फरक त्याच्या मानाने फार मोठा असेल, तर दोन गटांच्या दरम्यान काही तरी बदलले आहे. सगळे आकडे एकत्र केले तर बिघाडामुळे आलेला फरकही मोजमापात मिसळतो, मर्यादा फुगतात आणि बिघाड त्यांच्या आड लपतो. म्हणूनच गट कसे पाडायचे, याचा निर्णय प्रक्रियेची माहिती असलेल्या माणसाने घ्यावा लागतो. केवळ सूत्र ठाऊक असून भागत नाही.

एका काल्पनिक उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. समजा, एक यंत्र बाटल्यांत ५०० मिलिलिटर द्रव भरते. दर तासाला सलग चार बाटल्या मोजल्या जातात. पंचवीस तासांच्या नोंदींवरून सर्व गटांची एकूण सरासरी ५०० मिलिलिटर आली. प्रत्येक गटातील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मापातील फरक काढला, तर तो सरासरी ८ मिलिलिटर भरला. कारखान्यांत पुढे रूढ झालेल्या कोष्टकानुसार चारच्या गटासाठी या ८ ला ०.७२९ ने गुणायचे. उत्तर ५.८ येते. म्हणजे गटांच्या सरासरीसाठी वरची मर्यादा ५०५.८ आणि खालची ४९४.२ मिलिलिटर. एखाद्या तासाची सरासरी ४९६ आली तर यंत्राला हात लावायचे कारण नाही. ती ४९३ आली तर मात्र यंत्र थांबवून पाहावे, कारण प्रक्रियेच्या नेहमीच्या स्वभावात एवढा फरक बसत नाही. गटांच्या आतील फरकाचाही असाच दुसरा आलेख ठेवतात. सरासरी ठीक राहूनही माल विस्कळीत होऊ लागला, तर तो दुसरा आलेख इशारा देतो.

आता समजा, ग्राहकाची अट अशी आहे, की कोणत्याही बाटलीत ४९० पेक्षा कमी आणि ५१० पेक्षा जास्त द्रव असता कामा नये. वरील आकड्यांवरून एकेका बाटलीचा स्वाभाविक पसारा काढला, तर तो साधारण ४८८ ते ५१२ मिलिलिटर येतो. सर्व ठिपके मर्यादेत आहेत, प्रक्रिया पूर्ण स्थिर आहे आणि तरीही काही बाटल्या नापास होणारच! स्थिर प्रक्रिया चांगलीच असते, असे नव्हे. ग्राहकाची अट आणि प्रक्रियेची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक माणसाच्या अपेक्षेतून येते, दुसरी प्रक्रियेच्या आकड्यांतून. नियंत्रण आलेखावर ग्राहकाच्या अटीची रेषा आखणे ही आजही अनेक ठिकाणी आढळणारी चूक आहे. तसे केले की हा आलेख पुन्हा जुन्या तपासणीचेच काम करू लागतो.

मग अशा नापास बाटल्यांचा दोष कोणाचा? शूहार्ट यांच्या विचारातील सर्वांत दूरगामी भाग येथे आहे. प्रक्रिया स्थिर असताना निपजणारा सदोष माल यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराच्या निष्काळजीपणातून आलेला नसतो. तो यंत्र, कच्चा माल, पद्धत यांच्या एकूण रचनेतून येतो आणि ती रचना बदलण्याचा अधिकार कामगाराजवळ नसतो, व्यवस्थापनाजवळ असतो. कामगाराला दटावून, त्याचा पगार कापून किंवा भिंतीवर घोषवाक्ये लावून त्या बाटल्यांची संख्या कमी होणार नाही. उलट घाबरलेला कामगार प्रत्येक बाटलीनंतर यंत्र मागेपुढे करू लागला, तर परिस्थिती आणखी बिघडते. स्थिर प्रक्रियेत दर वेळी मागच्या फरकाएवढी दुरुस्ती उलट दिशेने करीत गेल्यास चढउताराचे प्रमाण विचलन सुमारे ४१ टक्क्यांनी वाढते, हे गणिताने सिद्ध करता येते. प्रामाणिक प्रयत्न करणारा माणूसच अशा वेळी नकळत नुकसान करीत असतो. डेमिंग यांनी पुढे व्यवस्थापनाच्या जबाबदारीचा जो मुद्दा आयुष्यभर ठासून मांडला, त्याचे मूळ या आलेखात होते.

शूहार्ट यांचा विचार अमेरिकेबाहेर लवकर पोहोचला. १९३२ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठात व्याख्याने दिली. त्यांचा प्रभाव पडून ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ इगॉन पीअर्सन यांनी या विषयावर काम केले आणि १९३५ मध्ये ब्रिटनमध्ये त्याविषयीचे मानक प्रसिद्ध झाले. अमेरिकेत मात्र बेल व्यवस्थेबाहेरच्या उद्योगांनी फारसा उत्साह दाखविला नाही. १९३८ मध्ये वॉशिंग्टन येथे अमेरिकी कृषी खात्याच्या पदव्युत्तर संस्थेत डेमिंग यांनी शूहार्ट यांची व्याख्यानमाला आयोजित केली. ती व्याख्याने डेमिंग यांच्याच संपादनाखाली १९३९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. गृहीतक मांडणे, त्यानुसार उत्पादन करणे आणि तपासणीतून शिकून पुन्हा नव्याने मांडणी करणे, हे टप्पे सरळ रेषेत नसून वर्तुळात असावेत, हा विचार त्यात होता. डेमिंग यांनी तो जपानमध्ये नेला. योजना, कृती, पडताळणी आणि सुधारणा अशा रूपात व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना आज शिकविले जाणारे चक्र त्यातूनच विकसित झाले.

दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटले. युद्धसाहित्य अफाट प्रमाणात आणि कमी वेळात हवे होते. प्रत्येक नग तपासणे अशक्य होते. तोफगोळा किंवा फ्यूज यांच्या बाबतीत तर तपासणी म्हणजे तो नग नष्ट करणेच. १९४१ आणि १९४२ मध्ये नियंत्रण आलेखाविषयीची अमेरिकी युद्ध मानके प्रसिद्ध झाली आणि कारखान्यांतील हजारो लोकांना या तंत्राचे प्रशिक्षण देण्यात आले. अमेरिकी युद्ध खात्याला शूहार्ट यांनी सल्लागार म्हणून साहाय्य केले. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये या प्रशिक्षित मंडळींच्या पुढाकाराने अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटी कंट्रोल ही संस्था उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष होते जॉर्ज एडवर्ड्स, म्हणजे १९२४ चे ते टिपण ज्यांच्या टेबलावर आले होते, तेच गृहस्थ. शूहार्ट या संस्थेचे पहिले मानद सदस्य झाले आणि त्यांच्या नावाने पदकही सुरू करण्यात आले.

भारताशीही शूहार्ट यांचा प्रत्यक्ष संबंध आला. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी कोलकात्यात स्थापन केलेली भारतीय सांख्यिकी संस्था ही योगायोगाने शूहार्ट यांच्या ग्रंथाच्याच वर्षी, १९३१ मध्ये, अस्तित्वात आली होती. महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि फाळणीच्या जखमा ताज्या होत्या. अशा काळात त्यांनी देशात दौरा केला, परिषदांत भाग घेतला आणि उद्योगपतींना व अभियंत्यांना संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणाचे महत्त्व पटवून दिले. भारतातील या चळवळीला त्यांच्या भेटीने चालना मिळाली. पुढच्या काळात भारतीय सांख्यिकी संस्थेने निरनिराळ्या औद्योगिक शहरांत आपली गुणवत्ता नियंत्रण केंद्रे उघडली. मुंबई आणि पुणे येथेही अशी केंद्रे सुरू झाली आणि कारखान्यांना सल्ला व प्रशिक्षण देण्याचे काम त्यांनी केले.

संख्याशास्त्राच्या जगात शूहार्ट यांना मोठा मान होता. इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले आणि १९४५ मध्ये ते अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनचे अध्यक्ष झाले. वायली या प्रकाशन संस्थेच्या गणिती संख्याशास्त्रावरील ग्रंथमालेचे संपादन त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ केले. १९५४ मध्ये अमेरिकेतील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना हॉली पदक देऊन गौरविले. स्वभावाने ते सौम्य आणि अभ्यासू होते. तत्त्वज्ञानाचे त्यांचे वाचन सखोल होते आणि सी. आय. लुईस या अमेरिकी तत्त्वज्ञाच्या ज्ञानविषयक विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. शब्दांना मोजता येण्याजोगा अर्थ असावा, असा त्यांचा आग्रह असे. त्यांचे लेखन मात्र क्लिष्ट होते. प्रत्येक विधानाला सर्व बाजूंनी कुंपण घालण्याच्या प्रयत्नात वाक्ये जड होत. त्यामुळे त्यांचे विचार सर्वसामान्य अभियंत्यांपर्यंत पोहोचविण्याचे काम इतरांना करावे लागले. डेमिंग यांनी ते निष्ठेने केले. ज्या वर्षी शूहार्ट निवृत्त झाले, त्याच १९५६ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकने कारखान्यातील लोकांसाठी एक हस्तपुस्तिका प्रसिद्ध केली. सलग आठ ठिपके सरासरीच्या एकाच बाजूला पडले तर तोही इशारा समजावा, यांसारखे सोपे नियम तिच्यामुळे रूढ झाले.

११ मार्च १९६७ रोजी न्यू जर्सी राज्यातील ट्रॉय हिल्स येथे शूहार्ट यांचे निधन झाले. पंचाहत्तर वर्षांच्या आयुष्यातील जवळपास चार दशके त्यांनी एकाच व्यवस्थेच्या सेवेत घालविली. जपानी मोटारी आणि जपानी इलेक्ट्रॉनिक वस्तू जगाच्या बाजारपेठा काबीज करीत आहेत आणि अमेरिकी उद्योग खडबडून जागा होऊन आपल्याच देशात जन्मलेले तंत्र नव्याने शिकतो आहे, हे १९८० च्या दशकातील दृश्य पाहायला ते हयात नव्हते.

आज कागद-पेन्सिलीची जागा संगणकाने घेतली आहे. मापे आपोआप नोंदली जातात आणि आलेख क्षणार्धात पडद्यावर उमटतो. रुग्णालयांतही हे तंत्र पोहोचले असून इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत प्रतीक्षाकाळासारख्या आकड्यांसाठी नियंत्रण आलेख वापरले जातात. तरीही ज्या सवयीविरुद्ध शूहार्ट यांनी हे साधन घडविले, ती सवय गेलेली नाही. या महिन्याची विक्री मागच्या महिन्यापेक्षा तीन टक्क्यांनी घटली की बैठक बोलावली जाते, खुलासे मागविले जातात आणि कोणाला तरी जबाबदार धरले जाते. एका वर्षी निकाल दोन टक्क्यांनी वाढला की शाळेचे अभिनंदन होते, पुढच्या वर्षी तेवढाच घसरला की शिक्षकांवर ठपका येतो. अशा वेळी दोन आकड्यांची तुलना करून भागत नाही. मागचे वीस-पंचवीस आकडे क्रमाने मांडावे, मर्यादा आखाव्या आणि मगच नवा आकडा खरोखर काही सांगतो आहे का, हे पाहावे. सांगत असेल तर कारण शोधण्यात दिरंगाई करू नये. सांगत नसेल तर एखाद्या माणसाला दोष देण्याआधी ती व्यवस्था तपासावी. डॉ. शूहार्ट यांनी १९२४ मध्ये एका पानावर मांडलेल्या आलेखातून शिकण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे.